प्रकल्प नोंदी : विंचेस्टर १८९७, खंदकातली की पहाऱ्यावरची?

५ ऑक्टोबर २०२४

विंचेस्टर मॉडेल १८९७ ही बारा बोरची बंदूक आज ताब्यात आली. एका जुन्या घरातील सामानाच्या लिलावात ती 'दुसऱ्या महायुद्धातील अस्सल ट्रेंच गन', म्हणजे खंदकातल्या लढाईसाठी केलेली बंदूक, म्हणून मांडली होती आणि मी ती त्याच समजुतीने घेतली. नळी आखूड आहे, नळीवर छिद्रांचे पोलादी कवच म्हणजे हँडगार्ड आहे, पुढे संगीन बसवण्याचा जोड आहे आणि रिसीव्हरवर, म्हणजे यंत्र सामावणाऱ्या पोलादी पेटीवर, 'यूएस' ही अक्षरे व शेजारी ज्वाळा निघणाऱ्या बाँबगोळ्याचा ठसा आहे. लिलावाच्या मांडवात एवढे पाहून समाधान मानावे लागते, कारण तिथे स्क्रू ड्रायव्हर लावायला कोणी देत नाही.

व्यवहार परवानाधारक विक्रेत्यामार्फत झाला. अमेरिकेतल्या कनेक्टिकटमध्ये, जिथे मी राहतो, लांब नळीच्या बंदुकीसाठी राज्याचे पात्रता प्रमाणपत्र लागते. ते माझ्याकडे आहेच. त्याशिवाय जुन्या व संग्राह्य शस्त्रांसाठीचा संघराज्य परवानाही आहे. तीन वर्षांना ३० डॉलर फी असलेल्या या परवान्याची खरी अट म्हणजे बांधीव नोंदवही. कोणते शस्त्र कोणत्या तारखेला कोणाकडून आले आणि पुढे कोणाकडे गेले, हे तिच्यात लिहावेच लागते. आजची ओळ त्या वहीत लिहिली आणि त्याच बैठकीत ही दुसरी वही सुरू केली. पहिली वही सरकारसाठी आहे, ही बंदुकीसाठी. या बंदुकीवर आजवर कोणाकोणाचे हात फिरले, ते तिच्या अंगावरच्या खुणांवरून जेवढे वाचता येईल तेवढे वाचायचे आणि त्यातले काहीही पुसायचे नाही, एवढेच या प्रकल्पाचे काम आहे.

६ ऑक्टोबर २०२४

पहिली तपासणी हत्यारे न लावता, खिडकीपाशी, सकाळच्या उजेडात केली. चेंबर, म्हणजे नळीतले काडतूस बसण्याचे घर, आणि बाकीची काडतुसे ठेवणारी मॅगझिनची नळी रिकामी असल्याची बोट घालून दोनदा खात्री केली. मग मागचा बोल्ट बंद करून तोंडाकडून लाकडी काठी आत सोडली आणि तोंडाच्या कडेशी तिच्यावर पेन्सिलीची रेघ ओढली. काठी बाहेर काढून मोजली तेव्हा माप बरोबर २० इंच, म्हणजे ५०८ मिलिमीटर भरले. हे माप महत्त्वाचे आहे, कारण अमेरिकेच्या १९३४ च्या कायद्यानुसार १८ इंचांहून आखूड नळीच्या शॉटगनला, म्हणजे छर्ऱ्यांच्या बंदुकीला, वेगळी नोंदणी लागते, आणि लष्कराने घेतलेल्या या जातीच्या बंदुका २० इंचीच होत्या. कोणी लांब नळीची शिकारी बंदूक कापून ही केलेली नाही, असे तोंडाची कड आणि नळीवरचा 'सीवायएल' हा ठसा सांगतो. हा ठसा सरळ, न आवळलेल्या नळीचा. शिकारी बंदुकीची नळी बहुधा तोंडाशी किंचित आवळलेली असते, म्हणजे छर्रे दूरवर एकत्र राहतात. नळी कापली की तो आवळ जातो आणि ठसा मात्र खोटा ठरतो.

क्रमांक नऊ लाखांच्या पुढचा आहे, त्यामुळे काळ दुसऱ्या महायुद्धाचाच. बंदूक दोन भागांत सुटणारी आहे आणि रिसीव्हरच्या खाली व नळीकडच्या जोडकड्यावर एकच क्रमांक आहे. पहिल्या महायुद्धात लष्कराने घेतलेल्या ट्रेंच गन अखंड चौकटीच्या होत्या, दुसऱ्या महायुद्धातल्या बहुतांश सुटणाऱ्या. इथवर सगळे जुळते.

मला खटकलेली गोष्ट एकच. बंदुकीचे सगळे पोलाद राखाडी, मॅट आहे. हँडगार्ड मात्र काळानिळा आणि चकचकीत.

१३ ऑक्टोबर २०२४

खुणा वाचण्याआधी या जातीचा पूर्वेतिहास एकदा नीट लिहून ठेवतो, म्हणजे पुढच्या नोंदींत पुन्हा सांगावा लागणार नाही.

रचना जॉन ब्राउनिंग यांची. त्यांच्याच १८९३ च्या मॉडेलमध्ये सुधारणा करून विंचेस्टरने १८९७ मध्ये हे मॉडेल बाजारात आणले आणि १९५७ पर्यंत कनेक्टिकटमधल्या न्यू हेवनच्या कारखान्यात त्याच्या दहा लाखांहून अधिक बंदुका झाल्या. नळीखाली मॅगझिनची दुसरी नळी असते, तिच्यात पाच काडतुसे बसतात आणि एक चेंबरमध्ये. पुढची लाकडी मूठ मागे ओढली की रिकामे काडतूस बाहेर फेकले जाते आणि मागचा उघडा घोडा ताणला जातो. मूठ पुढे ढकलली की नवे काडतूस चेंबरमध्ये जाते. ताणलेला घोडा डोळ्यांना दिसतो, हे या बंदुकीचे वैशिष्ट्य. पुढे १९१२ मध्ये आलेल्या मॉडेल १२ मध्ये घोडा रिसीव्हरच्या आत गेला आणि ती दिसायला अधिक सफाईदार झाली. पण माझे मन अजून १८९७ वरच आहे, कारण तिचे यंत्र काही लपवत नाही.

अमेरिका एप्रिल १९१७ मध्ये पहिल्या महायुद्धात उतरली. फ्रान्समधल्या खंदकांत वळणावळणावर शत्रू हाताच्या अंतरावर येई आणि लांब रायफल तिथे अडचणीची ठरे. म्हणून १८९७ ची नळी २० इंचांवर आणली गेली. लागोपाठ बारांनी तापलेली नळी संगीन चालवताना हाताला भाजू नये म्हणून तिच्यावर छिद्रांचे कवच चढले आणि तोंडाशी मॉडेल १९१७ ची संगीन बसेल असा जोड आला. काडतुसात सुमारे ८.४ मिलिमीटर व्यासाचे शिशाचे नऊ मोठे छर्रे असत. चाप दाबून धरला आणि मूठ चालवत राहिले तर प्रत्येक वेळी मूठ पुढे जाताच बार उडे, कारण बार झाल्यावर चाप आणि घोडा यांची जोड तोडणारा भाग या यंत्रात नाहीच. सैनिकाला त्याचा उपयोग होता. संग्राहकाने मात्र हे कायम ध्यानात ठेवले पाहिजे, आणि म्हणूनच यंत्राच्या सगळ्या चाचण्या मी दारू नसलेल्या नकली काडतुसांवर करतो.

या बंदुकीचा त्या काळी झालेला सगळा खल मला तिच्या यंत्राइतकाच महत्त्वाचा वाटतो. १९ सप्टेंबर १९१८ रोजी जर्मनीने अमेरिकेकडे राजनैतिक निषेध नोंदवला. युद्धाचे नियम ठरवणाऱ्या हेग नियमावलीच्या २३ व्या कलमाने अनावश्यक यातना देणाऱ्या शस्त्रांना मनाई केली आहे, शॉटगन त्यांत मोडते आणि ती किंवा तिची काडतुसे जवळ सापडणाऱ्या प्रत्येक युद्धकैद्याला प्राणास मुकावे लागेल, असे त्यात बजावले होते. अमेरिकेच्या लष्कराचे तत्कालीन कार्यकारी मुख्य विधी अधिकारी सॅम्युएल अँसेल यांनी या हरकतीची तपासणी केली आणि ती टिकत नाही असे मत दिले. त्यावरून परराष्ट्रमंत्री रॉबर्ट लॅन्सिंग यांनी २८ सप्टेंबरला उत्तर पाठवले की शस्त्र कायदेशीर आहे, त्याचा वापर थांबणार नाही आणि एकाही कैद्याला अशी शिक्षा झाली तर अमेरिका जशास तसे उत्तर देईल. पुढे सुमारे सहा आठवड्यांत युद्धच थांबले. विषारी वायू सर्रास वापरले जात असलेल्या युद्धात छर्ऱ्यांच्या बंदुकीवर हा वाद व्हावा, याचा मी पुष्कळ विचार केला आहे. त्या कलमाचा हेतू मला मान्य आहे आणि म्हणूनच हा वाद मला पोरकट वाटत नाही. ज्याच्या अंगावर जे शस्त्र येते त्याला तेच सर्वांत क्रूर वाटणार.

खंदकात या बंदुकीला खरा त्रास झाला तो पाण्याचा. काडतुसांची कवचे कागदी असत; ती भिजून फुगली की चेंबरमध्ये जात नसत. पूर्ण पितळी काडतुसांची मागणी युद्धाच्या शेवटी शेवटी नोंदवली गेली, आणि दुसऱ्या महायुद्धात 'एम १९' हे पितळी काडतूस आले.

२० ऑक्टोबर २०२४

रत्नागिरीहून काकांचा फोन आला. विधानसभेची निवडणूक जाहीर झाल्यामुळे पीक संरक्षणासाठी घेतलेली त्यांची बारा बोरची बंदूक त्यांनी नेहमीप्रमाणे पोलिस ठाण्यात जमा केली आहे. मी त्यांना विचारले, "काका, पावतीवर बंदुकीचे वर्णन काय लिहितात?" ते म्हणाले, "अरे, नंबर लिहितात, बोर लिहितात आणि दस्त्याला तडा असला तर तोही लिहितात. नाहीतर परत घेताना भांडण कोण सोडवणार?" त्यांच्या वाड्यात आजोबांच्या वेळची ठासणीची बंदूक होती, तिच्या दस्त्याच्या तड्यावर बांधलेली तांब्याची तार मला अजून आठवते. त्या पावतीइतके स्वच्छ वर्णन लिलावाच्या चिठ्ठीवर असते तर माझे काम निम्मे झाले असते.

२७ ऑक्टोबर २०२४

आज पूर्ण दिवस दस्त्यावर घालवला. लाकूड अमेरिकन अक्रोडाचे आहे आणि तेलाने काळवंडले आहे. विजेरी अगदी आडवी धरून तिरप्या उजेडात लाकूड फिरवले तेव्हा, सरळ पाहताना जिथे काहीच नव्हते तिथे 'ओजी' ही दोन अक्षरे उमटली. अक्षरांच्या तळाशी जुने तेल साचून घट्ट झाले आहे, म्हणजे ठसा अलीकडचा नाही. हा ठसा यूटा राज्यातील ऑग्डेन शस्त्रागाराचा आहे. युद्धात झिजलेली शस्त्रे अशा शस्त्रागारांत जात, तिथे त्यांची दुरुस्ती होई, गरज असेल तर भाग बदलत आणि काम संपले की दस्त्यावर शस्त्रागाराची अक्षरे ठोकली जात.

राखाडी रंगाचाही खुलासा यातच आहे. या बंदुका कारखान्यातून निळसर काळ्या झळाळीच्या, म्हणजे ब्लूइंग केलेल्या निघत. त्यात पोलादाच्या पृष्ठभागावर ऑक्साइडचा पातळ थर मुद्दाम आणलेला असतो आणि तो वापराने लवकर झिजतो. शस्त्रागारात मात्र पार्करायझिंग होई. पोलाद आधी खरवडून स्वच्छ करत आणि मग फॉस्फेटच्या गरम द्रावणात बुडवत. त्याने पृष्ठभागावर राखाडी, खरखरीत थर धरतो, तो तेल शोषून ठेवतो आणि चकाकत नाही. रिसीव्हरवरच्या बाँबगोळ्याच्या ठशाच्या आत भिंगाने पाहिले. तिथेही हाच राखाडी थर सलग उतरला आहे आणि ठशाच्या कडा थोड्या मऊ झाल्या आहेत. म्हणजे ठसा आधीचा, थर नंतरचा. खोटा ठसा नंतर ठोकलेला असता तर थर फुटून खाली उजळ पोलाद दिसले असते आणि ठशाभोवती धातू वर आलेला हाताला लागला असता. रिसीव्हर, नळी आणि दस्ता लष्करी आहेत, याबद्दल आता माझ्या मनात शंका उरलेली नाही.

दस्त्यावर मूळ तपासनीसाचा शिक्का सापडला नाही. विंचेस्टरच्या युद्धकालीन दस्त्यांवर 'जीएचडी' ही अक्षरे असतात. ती लष्कराच्या स्प्रिंगफील्ड आयुध विभागाचे प्रमुख गाय एच. ड्र्यूरी यांच्या नावाची. इथे ती नाहीत, तेव्हा एकतर दुरुस्तीत लाकूड घासले गेले किंवा दस्ताच बदलला गेला.

ऑग्डेन हे नाव वहीत लिहिताना हात थांबला. जॉन ब्राउनिंग यांचा जन्म १८५५ मध्ये ऑग्डेनचा आणि त्यांचे काम करण्याचे दुकानही तिथलेच. तिथे कागदावर आणि कानशीखाली आकाराला आलेली रचना अमेरिका खंड ओलांडून न्यू हेवनला आली, तिथे तिची बंदूक झाली, ती लष्करात गेली आणि दुरुस्तीसाठी पुन्हा त्याच गावात पोहोचली. आता ती न्यू हेवनपासून पाऊण तासावर माझ्या टेबलावर आहे. हे लाकडात ठोकलेल्या दोन अक्षरांमुळे कळले. आधीच्या कोणा मालकाने दस्ता 'छान दिसावा' म्हणून पॉलिश पेपरने घासला असता तर ते कायमचे गेले असते.

९ नोव्हेंबर २०२४

आज हँडगार्ड काढला. ही नोंद सविस्तर लिहितो.

स्क्रू ड्रायव्हरचे पाते स्क्रूच्या खाचेत घट्ट बसेल इतके आधी घासून घेतले होते, कारण ढिले पाते घसरले की खाच फाटते. आदल्या रात्री प्रत्येक स्क्रूवर तेलाचा थेंब सोडून ठेवला होता. त्याची गरज पडली नाही. स्क्रू इतके सहज फिरले की तिथेच मन साशंक झाले. ८० वर्षांपूर्वी बसवलेला स्क्रू असा सुटत नाही, तो आधी नाही म्हणतो. पूर्वीच्या कोणी मालकाने साफसफाईसाठी काढले असतील अशी मी स्वतःची समजूत घातली आणि कवच पुढे सरकवून बाहेर काढले.

संगीनजोडाचे स्क्रू नळीच्या इतक्या जवळून जातात की त्यांना वाट देण्यासाठी नळीच्या खालच्या अंगाला आडव्या खाचा कराव्या लागतात. अस्सल ट्रेंच गनच्या नळीवर त्या कारखान्यातच मिलिंग यंत्राने पाडलेल्या असतात. माझ्या नळीवरही खाचा आहेत. पण नळी उलटी करून दिव्याखाली धरली तेव्हा एक खाच दुसरीपेक्षा किंचित तिरपी दिसली. भिंगातून पाहिले तर तिच्या तळाशी एकमेकींना छेदणाऱ्या बारीक रेघा होत्या. त्या गोल कानशीने हाताने घासल्याच्या, कारण फिरत्या कटरची रेघ एकाच दिशेने जाते. एका टोकाला कानस निसटून नळीच्या गोलाईवर अर्ध्या सेंटिमीटरचा ओरखडाही गेला आहे. आणि दोन्ही खाचांच्या आत पोलाद उघडे, पांढरे आहे. सगळ्या नळीवर असलेला तो राखाडी थर खाचांत नाही.

याचा अर्थ एकच निघतो. ऑग्डेनमध्ये ही नळी फॉस्फेटच्या द्रावणात बुडाली तेव्हा या खाचा नव्हत्या. म्हणजे तिच्यावर हँडगार्ड नव्हता आणि बसूही शकला नसता. ही बंदूक ट्रेंच गन म्हणून जन्मलीच नाही. ती रायट गन आहे. तीच २० इंची नळी, तेच यंत्र आणि तोच सरकारी ठसा या बंदुकीला असे, फक्त कवच आणि संगीन नसे. कोठारे, तळ, कैदी यांच्या पहाऱ्यासाठी अशा बंदुका दिल्या जात. शस्त्रागार सोडल्यानंतर केव्हातरी कोणीतरी बाजारात मिळणारे नकली कवच आणले, कानस घेतली आणि पहारेकऱ्याच्या बंदुकीला खंदकातल्या सैनिकाचा वेश चढवला.

कवचावर छिद्रांच्या सहा रांगा आहेत. पहिल्या महायुद्धात आणि दुसऱ्याच्या सुरुवातीला सहा रांगांची कवचे असत, नंतर चार रांगांची आली, त्यामुळे निव्वळ रांगा मोजून मला काही कळले नसते. खोटेपणा पकडून दिला तो थर नसलेल्या खाचेने.

१० नोव्हेंबर २०२४

विक्री करणाऱ्यांना कळवले. चिठ्ठीवर 'आहे त्या स्थितीत' असे छापले होते, एवढेच उत्तर आले. पैशांचा फरक मोठा आहे आणि तो मला लागला, हे लिहून ठेवतो. त्याहून अधिक चीड त्या कानशीची आहे. पैसे फिरून मिळतात, घासलेले पोलाद परत येत नाही.

२४ नोव्हेंबर २०२४

माझ्याहून ३० वर्षे अधिक संग्रह केलेल्या एका वृद्ध गृहस्थांकडे बंदूक घेऊन गेलो. आयुष्यभर त्यांनी यंत्रशाळेत हत्यारे बनवली आणि तरुणपणी ते व्हिएतनाममध्ये होते. माझे सगळे ऐकून घेण्याआधीच त्यांनी अंगठ्याचे नख खाचेतून फिरवले आणि म्हणाले, "हे हाताचे काम आहे, आणि हात शिकलेला नाही." मग आपली चार रांगांची अस्सल ट्रेंच गन काढून कवच उतरवले आणि दोन्ही नळ्या शेजारी शेजारी मांडल्या. त्यांच्या नळीच्या खाचा इतक्या स्वच्छ, इतक्या समान खोलीच्या होत्या आणि त्यांच्या तळापर्यंत बाकीच्या नळीसारखाच जुना रंग उतरला होता की वादाला जागा उरली नाही.

या एका दुपारी जेवढे हातात घेऊन पाहिले तेवढे वर्षभराच्या वाचनात झाले नव्हते. त्यांच्याकडे इथाका मॉडेल ३७ होती. तिचे रिकामे काडतूस बाजूने न पडता खालून पडते, त्यामुळे रिसीव्हर दोन्ही अंगांनी बंद राहतो. तिची युद्धकालीन ट्रेंच गन फक्त १,४२० झाली. त्यांच्याकडची अर्थातच साधी रायट गन. रेमिंग्टन मॉडेल १० ची लाकडी कवचाची पहिल्या महायुद्धातली ट्रेंच गन त्यांनी एकदाच पाहिली होती, आणि तेव्हा खिशात पैसे नव्हते हे त्यांनी दोनदा सांगितले.

मी सर्वांत जास्त वेळ धरून बसलो ती स्टीव्हन्स ७७ ई. संग्राहक तिच्याकडे फारसे वळत नाहीत. तिला विंचेस्टरसारखी घडण नाही आणि दस्ता मनगटापाशी, म्हणजे पकडण्याच्या बारीक भागापाशी, तडकलेला असतो. तिचा दस्ता मुद्दाम आखूड ठेवलेला आहे, कारण ती दक्षिण व्हिएतनामी सैनिकांच्या बांध्यासाठी होती. खांद्याला लावली तर माझ्यासारख्या मध्यम उंचीच्या माणसाला ती अगदी बरोबर बसली. ते गृहस्थ हसले नाहीत. "ज्यांच्यासाठी केली ती माणसे अशीच होती," एवढेच म्हणाले आणि खिडकीबाहेर पाहत राहिले. माझ्या मते व्हिएतनामच्या काळातल्या शॉटगनांत इतके स्पष्ट बोलणारी दुसरी नाही आणि आज तिच्याकडे दुर्लक्ष करणारे उद्या पस्तावतील.

निघताना मी विचारले की खाचा वेल्डिंगने भरून नळी पुन्हा पार्करायझ करावी का. त्यांनी मान हलवली. तसे केले तर खोटे काम लपवण्यासाठी दुसरे खोटे काम होईल आणि पुढच्या माणसाला दोन्ही उलगडत बसावे लागेल.

८ डिसेंबर २०२४

सफाई. मॅगझिनच्या पुढच्या टोकाची खीळ दाबून नळी पाव फेरा फिरवली, पुढे ओढली, मग बंदुकीची नळी पाव फेरा फिरवून रिसीव्हरपासून अलग केली. एकही हत्यार लागले नाही. जोडाच्या आतल्या धाग्यांत वंगण सुकून मेणासारखे झाले होते. ते केरोसीन आणि बांबूच्या काडीने काढले.

गंजाचे तीन ठिपके होते, तिन्ही हँडगार्डखाली, म्हणजे त्या नकली कवचानेच ओल धरून ठेवली होती. त्यांवर पातळ तेल घालून दोन दिवस ठेवले आणि मग १९८२ पूर्वीच्या एका सेंटच्या नाण्याच्या कडेने खरवडले. ती नाणी ९५ टक्के तांब्याची आहेत. तांबे पोलादापेक्षा मऊ असते, त्यामुळे गंज निघतो आणि थर शाबूत राहतो. पॉलिश पेपर, पोलादी लोकर, रसायने यांतले काहीही वापरले नाही. नळीच्या आत पितळी ब्रश फिरवल्यावर आतला पृष्ठभाग आरशासारखा निघाला. ही बंदूक फार चाललेली नाही, पहारेकऱ्याच्या बंदुकीला शोभेल असेच ते आहे.

लाकडाला जवसाच्या तेलाचा अगदी पातळ हात दिला, तोही 'ओजी' ठशाला वगळून. तेलाची फडकी चोळामोळा करून टाकली तर आपोआप पेट घेतात, म्हणून ती अंगणातल्या दोरीवर सुटी वाळत घातली. दस्त्यावरचे पोचे वाफ देऊन वर आणता येतात. मी आणले नाहीत. त्यांतला एक, टाचेजवळचा, बंदूक वर्षानुवर्षे एकाच रॅकमध्ये उभी राहून पडला असावा इतका नेमका आहे.

शेवटी खाचांच्या उघड्या पोलादावर मेणाचा थर दिला, म्हणजे तिथे गंज धरणार नाही. खाचा जशा आहेत तशाच राहतील.

२९ डिसेंबर २०२४

संगीनीचा प्रश्न सुटला. या बंदुकीसाठी मी मॉडेल १९१७ ची संगीन आधीच घेऊन ठेवली होती. १७ इंची पाते, मुठीच्या लाकडावर दोन खोल खाचा, रेमिंग्टनचा ठसा. ब्रिटिशांच्या १९१३ च्या नमुन्यावरून घेतलेली ही संगीन शॉटगनांमुळे इतकी दीर्घायुषी ठरली की १९६० च्या दशकात व्हिएतनामसाठी ती पुन्हा बनवून घ्यावी लागली. वस्तू अस्सल आहे, पण रायट गनला तिचे काही काम नाही. ती वेगळ्या पेटीत, वेगळ्या क्रमांकाखाली ठेवली. दोन अस्सल वस्तू खोट्या रीतीने एकत्र मांडल्या की दोन्ही खोट्या होतात, असे माझे ठाम मत बनले आहे.

नकली काडतुसांवर यंत्राची चाचणी घेतली. पाच भरली, पाचही विनातक्रार आत गेली आणि बाहेर पडली. तिसऱ्या वेळी मूठ मागे ओढताना आलेला तो दुहेरी खटका, आधी कुलूप सुटल्याचा आणि मग घोडा ताणल्याचा, कान देऊन पुन्हा पुन्हा ऐकला.

१२ जानेवारी २०२५

संग्रहाच्या यादीतले वर्णन आज पक्के केले आणि बंदुकीच्या कपाटात तिच्या मागे चिकटवले:

'विंचेस्टर मॉडेल १८९७, रायट गन, बारा बोर, नळी २० इंच, सुटी होणारी. दुसऱ्या महायुद्धाच्या काळातील. ऑग्डेन शस्त्रागारात दुरुस्त व पार्करायझ केलेली. दस्त्यावर ओजी ठसा. नळीखालच्या दोन खाचा शस्त्रागार सोडल्यानंतर हाताने घासलेल्या. ही बंदूक ट्रेंच गन नाही. दस्त्याच्या टाचेजवळ जुना पोचा.'

लिहून झाल्यावर काकांच्या पावतीची आठवण झाली आणि 'तडा नाही' हे दोन शब्द शेवटी जोडले.

हँडगार्ड फेकून देण्याचा विचार होता, पण मग तो दुसऱ्या कोणाच्या तरी हाती जाऊन दुसऱ्या नळीवर चढेल. म्हणून त्याच्या आतल्या बाजूला छिन्नीने 'नक्कल' असे मोठ्या अक्षरांत मराठीत आणि खाली इंग्रजीत खोल कोरले, स्क्रू एका पाकिटात घालून त्याला बांधले आणि तो टेबलाखालच्या खणात ठेवला. पुढच्या शनिवारी त्या वृद्ध गृहस्थांकडे स्टीव्हन्स ७७ ई बद्दल बोलायला जायचे आहे. ते ती विकणार नाहीत, पण तिच्या दस्त्याची मापे घेऊ देणार आहेत.